ह्याचं टोपण ह्याचं नाही

खंडेनवमीच्या पूजेत आमच्याकडे काय काय मांडलेलं असतं ते पाहून पहिल्यांदा येणारा माणूस हमखास हसतो. विळी, दोन सुऱ्या, वडिलांचा पान्या-पकडींचा डबा, बायकोची शिवणाची कात्री, मुलीचा लॅपटॉप, आणि ह्या सगळ्या गोतावळ्याच्या मधोमध पाटावर झेंडूची माळ घालून बसवलेला पावणेदोन फूट उंचीचा तोफगोळा. खाली पितळेची लांबट पुंगळी, तीत खोवलेलं लोखंडी धड आणि वर निमुळतं पितळी टोपण. आम्ही त्याला नुसतं ‘गोळा’ म्हणतो. आदल्या दिवशी चिंच लावून तो घासायचा मान घरातल्या धाकट्याचा. लहानपणी मी घासला, मग बहिणीनं घासला. आता मुलगी घासते, तीही चिंचेऐवजी पितांबरीनं आणि कानात इयरफोन घालून. चिंचेचा तो आंबूस वास, त्यात मिसळलेला पितळेचा वास आणि नखांत दोन दिवस राहणारा हिरवट काळेपणा, हे सगळं मिळून माझा दसरा होतो. सोनं वाटणं वगैरे नंतरचं.

गेल्या वर्षी खंडेनवमीला भाचा आला होता. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि दोनेक वर्षांपासून जुन्या लष्करी वस्तूंच्या नादी लागलाय. बिल्ले, पाण्याच्या बाटल्या, संगिनींची म्यानं, असलं काहीबाही गोळा करत असतो. आरती झाली, आणि प्रसादाची वाटी हातात पडायच्या आधीच त्यानं गोळा उचलून मांडीवर आडवा घेतला, तान्ह्या पोराला तेल लावायला घ्यावं तसा. टोपणावरून अंगठा फिरवला. बूड वर करून पाहिलं. पुन्हा टोपण पाहिलं. आणि आई समोर बसलेली असताना, काही एक आडपडदा न ठेवता म्हणाला,

“मामा, ह्याचं टोपण ह्याचं नाहीये.”

आईला ऐकू आलं नसावं, किंवा तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. मी हसून विषय बदलला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं सलत राहिलं. आता खरं सांगायचं तर गोळ्याला ‘पार्ट’ असतात, ते जुळणारे किंवा न जुळणारे असू शकतात, हे पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. देवाच्या मूर्तीला आपण असं विचारतो का, की हा हात ह्याच दगडाचा आहे ना?

आमच्या घरात त्याचं पूर्ण नाव ‘कुतचा गोळा’. पणजोबा ११० व्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर टायग्रिसच्या काठाकाठानं वर गेले, बगदादच्या अलीकडून मागे फिरले आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारात वेढ्यात अडकले. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली, आणि तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या हाती गेली. हे इतिहासाच्या पुस्तकातलं. आमच्याकडे ते आजीच्या तोंडून यायचं, आणि आजीला तिच्या सासऱ्यांनी जेवढं सांगितलं तेवढंच. म्हणजे फारच थोडं. खायला काही उरलं नाही तेव्हा गोऱ्या सोजिरांनी घोडी मारून खाल्ली, आपली माणसं बरेच दिवस शिवेनात, मग हिंदुस्थानातून परवानगीच्या तारा आल्या, तरी कित्येकांनी नाहीच खाल्लं. “मग मामंजींनी खाल्लं का गं?” असं विचारलं की आजी चुलीत लाकूड सारायची. दुसरी गोष्ट मात्र ती न विचारता सांगायची. “आभाळातनं जातं पडलं. विमानातनं. दळायला जातं न्हवतं, म्हून इंग्रजानं आभाळातनं टाकलं.” आम्ही पोरं गडाबडा लोळायचो. आभाळातून जातं! कुणाच्या डोक्यात पडलं का, आजी? मोठा झाल्यावर ह्या गोष्टीची मीच मित्रांमध्ये नक्कल करून दाखवायचो.

गोळ्यावर मात्र कुणी कधी हसलं नाही. तो तर डोळ्यांसमोर होता. हाताला थंड लागायचा. पणजोबांनी कुतहून आणला म्हणजे आणला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मीच भाच्याला फोन केला. तो पाठीवरच्या पिशवीत बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर, भिंग आणि टॉर्च घेऊन आला, डॉक्टरनं व्हिजिटला यावं तसा. आईला वाटलं, तो फराळाला आलाय. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून आम्ही गोळा आडवा ठेवला. आधीच सांगतो, आमचा गोळा आतून पोकळ आणि रिकामा आहे हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. टोपण फिरवून काढायचं आणि आत गोट्या लपवायच्या, हा आमचा उद्योगच होता. तरीही भाच्यानं पहिली पाच मिनिटं मला त्याच्यावरच ऐकवली. सापडलेला कुठलाही अनोळखी गोळा किंवा फ्यूज, म्हणजे गोळा पेटवणारं ते टोपण, असा उघडायचा नसतो. हात न लावता पोलिसांना कळवायचं. नगरजवळच्या के. के. रेंजच्या आसपासच्या गावांत भंगार वेचताना, पितळ काढायला ठोकताना माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पितळेचा भाव माणसाला काय करायला लावेल सांगता येत नाही.

मग पुंगळी उलटी केली. शंभर वर्षांची चिंच-राख-पितांबरी खाऊन तिचं अंग आरशासारखं गुळगुळीत झालंय, त्यावर काही कोरलेलं असलंच तर ते कधीच वाहून गेलं. पण बूड कुणी घासत नाही. ते पाटाला टेकलेलं असतं. त्यामुळे जे काही लिहिलेलं होतं ते नेमकं आम्ही कधीच न पाहिलेल्या बाजूला शाबूत राहिलं होतं. टॉर्च तिरका धरला तशी अक्षरं उठून आली. ‘१८ पीआर’ म्हणजे अठरा पौंडी, इंग्रजांची त्या युद्धातली नेहमीची मैदानी तोफ. इंग्रज सरकारचा तीन रेघांचा बाण. ‘सी एफ’, म्हणजे कॉर्डाइट ही तोफेची दारू, पूर्ण भार. तेच ‘सी एफ’ शेजारी पुन्हा एकदा. उडवलेली पुंगळी परत नेऊन, ठाकठीक करून पुन्हा भरायचे, आणि दर वेळी नवा शिक्का मारायचे. मधोमध प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टिकली, आणि त्यावर हातोडीच्या टोकाचा खोल ठसा, म्हणजे शेवटचा बारही उडालेला. आणि ह्या सगळ्याच्या खालच्या बाजूला, नाण्यावर असावं तसं साल.

१९१७.

भाच्याला काही कळलं नाही. तो खूष होता, साल स्पष्ट आहे म्हणून. मी मात्र खुर्ची ओढून बसलो. पणजोबा एप्रिल १९१६ मध्ये कैद झाले. हिंदुस्थानी कैद्यांना तुर्कांनी चालवत नेलं, त्यातल्या पुष्कळांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं. पणजोबा त्यांतलेच. युद्ध संपल्यावर, १९१९ साली, हाडांचा सापळा होऊन ते घरी आले. कैदेतून येणारा माणूस पितळ आणि लोखंड मिळून काही किलोंचा ऐवज बगलेत मारून येत नाही, हे खरं तर कुणालाही सुचायला हवं होतं. आम्हाला शंभर वर्षांत सुचलं नाही. आणि १९१७ ची पुंगळी १९१६ मध्ये संपलेल्या वेढ्यातून येऊ शकत नाही, हे तर तिसरीतल्या पोराचं गणित.

त्याच रात्री मी कुतबद्दल मिळेल ते वाचत बसलो, कशाला ते मलाही ठाऊक नाही. बहुधा गोळ्याला वाचवायची एखादी वाट सापडते का बघत होतो. कुतमध्ये अठरा पौंडी तोफा होत्या, एवढं सापडलं. आणि दुसरंच एक सापडलं. वेढ्याच्या शेवटच्या दिवसांत विमानातून रसद टाकायचा प्रयत्न झाला, युद्धाच्या इतिहासातला अशा तऱ्हेचा पहिलाच. पोती टाकली, त्यांतली काही नदीत पडली, काही तुर्कांच्या हद्दीत. आणि पिठासाठी टाकली ती जात्याची तळी.

आजी जाऊन वीस वर्षं झाली. मी दिवा मालवला आणि बराच वेळ तसाच बसलो.

भाच्याची तपासणी पुढचे दोन रविवार चालली. त्याच्याकडून मी जे शिकलो ते कुठल्याही जुन्या वस्तूला लागू पडेल असं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिलं, दिसण्यावर जायचं नाही, मापावर जायचं. अठरा पौंडीचा व्यास ८४ मिलिमीटर, पुढच्या युद्धातल्या पंचवीस पौंडीचा ८७.६. डोळ्याला दोघं सख्खे भाऊ, व्हर्निअरला साडेतीन मिलिमीटरचा फरक. आमचं धड ८४ ला किंचित कमी भरलं, म्हणजे तेही अठरा पौंडीच. इथवर पुंगळी आणि धड यांचं गोत्र जुळलं. मग त्यानं धडाच्या खालच्या बाजूचा तांब्याचा पट्टा दाखवला. तोफेच्या नळीत आतून पीळ असतो. गोळा सुटताना तो पीळ ह्या मऊ तांब्यात रुततो आणि गोळा गरगरत जातो. आमच्या पट्ट्यावर तिरप्या खाचा होत्या, एकसारख्या, चकलीच्या सोऱ्यातून निघाल्यासारख्या. म्हणजे हे धड खरोखर उडालेलं होतं. पट्ट्याच्या कडेला नखभर काळा रंगही सापडला. ह्या जातीच्या गोळ्यांना मुळात काळा रंग द्यायचे. वडिलांनी कधीतरी त्यावर चंदेरी ऑइलपेंट मारला होता, ग्रिलचा उरलेला.

इथे मला एक गोष्ट खटकली, आणि ह्या एका गोष्टीचं श्रेय मी भाच्याला देणार नाही. पुंगळी उडालेली. धडही उडालेलं. बरोबर? पण तोफ उडते तेव्हा पुंगळी तोफेच्या मागे पडते आणि गोळा पाच-सहा किलोमीटर पुढे जातो. बार होताक्षणी दोघांची ताटातूट. पुंगळी तोफखान्याची माणसं उचलतात, धड शत्रूच्या बाजूला कुठल्यातरी चिखलात जातं. मग उडालेली पुंगळी आणि उडालेलं धड एकमेकांत खोवलेलं पाहिलं, की ते कुणीतरी मागाहून जुळवलेलं असलंच पाहिजे. ही दोघं एकाच बाराची निघण्याचा संभव जवळजवळ शून्य. मी हे म्हणालो तेव्हा भाचा भिंग खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. संग्राहकांच्या भाषेत अशा वस्तूला ‘मॅरिड’ म्हणतात म्हणे. वेगवेगळ्या घरचे भाग एकत्र नांदायला लावलेले. त्यांच्यात हा शब्द नाक मुरडून वापरतात. मला तो फारच बरा वाटला.

टोपणाचं प्रकरण तर आणखी उघड होतं. आमचं धड श्रॅपनेलचं. ह्या गोळ्याचे फुटून तुकडे होत नाहीत, तो स्वतःच एक उडती बंदूक असतो. आत राळेत बसवलेल्या पावणेचारशेच्या आसपास शिशाच्या गोळ्या, खाली तळाशी थोडी काळी दारू. वरच्या फ्यूजला वेळ लावून द्यायची. त्याच्या पितळी कड्यांत दाबून भरलेली दारू उदबत्तीसारखी जळत जाते, आणि गोळा शत्रूच्या डोक्यावर हवेत असतानाच ठिणगी मधल्या नळीतून तळाशी पोचते. मग शिशाच्या गोळ्या पुढच्या तोंडातून शिंपडल्यासारख्या बाहेर. धड रिकामं होऊन पडतं, आणि फ्यूज अख्खाच्या अख्खा उडून वेगळा पडतो. तेव्हा अशा धडावर वेळेचाच फ्यूज हवा. इंग्रजांचा तो नंबर ८०, चपटा, कड्यांवर अंक कोरलेला. आमच्या टोपणावर एकही अंकाची कडी नाही. भिंगातून ‘११७’ दिसतं आणि त्याखाली १९४२. हा आपटल्यावर पेटणारा फ्यूज, पंचवीस पौंडीच्या स्फोटक गोळ्याचा, पुढच्या महायुद्धातला. तो ह्यावर बसला कसा? तर दोघांच्या आट्यांचं माप एकच, दोन इंची. सून कुठल्याही घरची असो, जोडव्याचं माप तेच.

“म्हणजे सगळंच खोटं,” मी म्हणालो.

“खोटं काहीच नाही मामा. तीन खऱ्या वस्तू आहेत. फक्त एकमेकांच्या नाहीत.”

एक विषयांतर. आमच्या वेळी एनसीसीत फायरिंगला नेत. पॉइंट थ्री-नॉट-थ्री, खांद्याला चार दिवस ठणका. बार झाले की गुडघ्यांवर बसून गवतातल्या पुंगळ्या वेचायच्या, कारण एकूण एक पुंगळीचा हिशेब द्यावा लागे. एक कमी भरली तरी सुभेदार साहेब सगळ्या प्लाटूनला उन्हात उभं करून पुन्हा गवत चाळायला लावत. त्या पुंगळ्यांच्या बुडाशी बारीक अक्षरात ‘के एफ’ असायचं. खडकीचा कारखाना, १८६९ पासूनचा. आमच्या घरापासून सायकलवर वीस मिनिटं. ज्या गोष्टीचा एवढा कडक हिशेब ठेवतात तिचे सुटे भाग घरोघर पोचतात कसे, हे कोडं मला तेव्हाही पडायचं. आजोबा खडकीतल्याच एका वर्कशॉपमध्ये टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कारागीर होते, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लागलेले. ११७ नंबरचं टोपण त्यांच्या हाती कसं आलं, भंगारातून, नाकारलेल्या मालातून की आणखी कुठून, हे विचारायला आता कुणी उरलं नाही, आणि उरलं असतं तरी मी विचारलं असतं असं वाटत नाही.

तरीही ‘बरोबर’ टोपण मिळवायचं खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच. बुधवार-रविवार जुन्या बाजाराच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथे लष्करी म्हणून जे मिळतं त्यातलं निम्मं कालच्या दिवाळीत जन्मलेलं असतं. होकायंत्रं, दुर्बिणी, सगळ्यांवर ठळक ‘लंडन १९१५’. भाच्याचा साधा नियम आहे. ज्या वस्तूवर ती काय आहे हे अगदी वाचता येईल असं मोठ्यानं लिहिलंय ती वस्तू बहुधा ती नसते. खऱ्या वस्तूवरचे शिक्के गिऱ्हाइकासाठी नसतात, कोठारातल्या कारकुनासाठी असतात, त्यामुळे ते कंजूष आणि वाकडेतिकडे असतात. सहाव्या की सातव्या फेरीत, अडकित्ते आणि तुटक्या समया मांडून बसलेल्या एका बाईंकडे नंबर ८० दिसला. वजनाला म्हणून तराजूशेजारी ठेवला होता. “हे वजन हाय साहेब, पाऊण किलोचं, इकायचं न्हाई,” असं म्हणून बाईंनी अठराशे रुपये घेतले. भाच्यानं तो उलटसुलट पाहून, आत फक्त माती आणि मुंगळ्याची अंडी असल्याची खात्री केली मगच पिशवीत टाकू दिला.

घरी आणून पाण्यात भिजवून नुसत्या जुन्या टूथब्रशनं घासला. पॉलिश करायचं नाही अशी सक्त ताकीद होती. हळूहळू अंक वर आले. खालची फिरती कडी साडेनऊच्या जरा पुढे अडकून बसलेली. म्हणजे कुठल्यातरी तोफेशेजारी गुडघ्यावर बसलेल्या कुणीतरी ती तिथवर फिरवली, गोळा गेला, फुटला, हा भाग खाली पडला आणि ती वेळ तशीच राहिली. पडलेले असे फ्यूज उचलून दोन्हीकडचे लोक कडीवरचा आकडा वाचायचे आणि तोफ किती लांब आहे त्याचा अंदाज बांधायचे. भिंगाखाली आणखी एक ओळ सापडली, ‘के पी झेड ९६/०४’. भाचा एकदम ओरडलाच. ही खूण जर्मन क्रुप कंपनीच्या पेटंटची. इंग्रजांनी हा फ्यूज क्रुपकडून हक्क घेऊन बनवला होता, आणि तोच लाखोंनी जर्मनांवर उडवला. युद्ध संपल्यावर क्रुपनं विकर्स कंपनीकडे त्याच्या रॉयल्टीचा दावा लावला, आणि तडजोड होऊन पैसेही मिळवले. म्हणजे जे ‘अस्सल’ टोपण मी आठवड्याला दोनदा उन्हात फिरून शोधलं, ते मुळातच दुसऱ्याच्या घरचं निघालं. मला अशा वेळी आजीसारखं हसता यायला हवं होतं, तोंडावर पदर घेऊन.

नवं टोपण बसवायला जुनं काढलं तेव्हा आणखी एक भाग हाताला लागला. धडाच्या तोंडात एक पितळी कडी बसवलेली होती, तळहातात मावेल एवढी. बाहेरून आटे, ते धडात जाणारे. आतून आटे, ते टोपणाचे. लहानपणापासून टोपण काढघाल करताना ती दिसत असणारच, पण आम्हाला ती धडाचाच भाग वाटायची. भाच्यानं त्याच्याजवळची सगळी चित्रं काढली. मूळ गोळ्यातही इथे एक पितळी सॉकेट असतं, पण बार झाला की ते आटे उपटून फ्यूजबरोबर उडून जातं. ही कडी त्या सॉकेटसारखी नव्हती. तिची उंची वेगळी, कडा वेगळी. तिच्यावर नंबर नाही, बाण नाही, साल नाही. त्यानं तीनदा मापं घेतली, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात वैताग आला. “हा पार्ट कशाचाच नाहीये.”

मग मी ती कडी रुमालात गुंडाळून भवानी पेठेतल्या एका लेथवाल्या काकांकडे घेऊन गेलो. दुकान म्हणजे दोन लेथ, एक गणपती आणि गुडघाभर बुरा. कूलंटचा तो गोडसर, आंबलेल्या दुधासारखा वास. आजोबांच्या खाकी शर्टाला अगदी हाच वास असायचा, मला दुकानात पाय ठेवेपर्यंत त्याची आठवणही नव्हती. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, कडी डोळ्याजवळ नेली, नखानं एकेक आटा चाचपला. बराच वेळ गेला. लेथ बंद करायला त्यांनी पोराला खूण केली.

“टॅप नाही मारलेला. टूल धरून एकेक पास घेतलाय. बघा, शेवटचा आटा कसा मारून ठेवलाय.” त्यांनी माझं बोट धरून कडीच्या आतल्या काठावर फिरवलं. आटा जिथे संपतो तिथे पातळ पात्यासारखी धार राहते, हात कापणारी. ती धार घासून, गोल करून ठेवली होती, अगदी तोंडात बोट फिरवल्यासारखी मऊ. “एवढं कोण करत नाही. आत हात घालणाऱ्याला लागू नये म्हणून करतात हे. आणि धडातले आटे गेले असणार, ते पण साफ करून परत पाडलेत. कुणाचा जॉब आहे?”

“आजोबांचा असावा. खडकीला टर्नर होते.”

“घरचंच काम आहे. पगारी कामात एवढा वेळ कोण घालवतो.” त्यांनी पैसे घेतले नाहीत. कडी परत देताना आधी ती कपड्यानं पुसली.

त्या तोंडातून मी किती वेळा हात घातला असेल. गोट्या, सुटे पैसे, एकदा दहावीचं प्रगतिपुस्तक गुंडाळी करून. कधी ओरखडा उठल्याचं आठवत नाही. आठवण्यासारखं ते नव्हतंच.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. साल, कैद, १९१७, टोपण, कडी, सगळं एका दमात, जरा भीतभीत. ती तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकून म्हणाली, “कुतचा हाय असं मामंजी कुठं म्हणायचे? ते तर काईच म्हणायचे न्हाईत. सासूबाईच म्हणायच्या.” मग थोड्या वेळानं, “सासूबाई सांगायच्या, मामंजींनी गोळा घरी आणला तवा थोरल्या मामंजींनी त्याला कदी हात लावला न्हाई. पूजेच्या दिवशी म्हातारा सकाळी उठून रानात जायचा, दिवा लागल्यावर यायचा.” हे तिनं एवढ्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी का म्हणून विचारलं तर म्हणाली, कुणी विचारलं नाही.

म्हणजे मुलगा आपल्या हातांनी, न दुखवणारे आटे पाडून, कुणाकुणाचे तुकडे जोडून एक गोळा करतो. वडिलांसाठी करतो की स्वतःसाठी, कळायला मार्ग नाही. आणि वडील त्या दिवशी शेतात जाऊन बसतात. ह्या दोघांत काय बोलणं झालं असेल, झालं असेल का, ह्याच्याभोवती मी वर्षभर घिरट्या घालतोय. आजीनं मग त्या गोळ्याला एक गाव देऊन टाकलं, कुत. घरात एवढी मोठी वस्तू बिनगावाची कशी ठेवणार?

ह्या वर्षीच्या खंडेनवमीला भाचा सकाळीच हजर. मुलीनं पुंगळी घासली होती, बूड सोडून. आम्ही कडीवर नंबर ८० बसवला. नीट बसला, पाच फेऱ्यांत घट्ट. गोळा एकदम बुटका आणि रुंद दिसायला लागला, ओळखीच्या माणसानं मिशी काढल्यासारखा. आई करंडा घेऊन आली, पाटासमोर बसली, हळदीचं बोट पुढे केलं आणि तसंच धरून ठेवलं.

“मामंजींचं टोपण कुठाय?”

“ड्रॉवरमध्ये आहे, आई. हे बरोबरचं आहे. मूळचं असं असतं.”

ती काही बोलली नाही. बोटही मागे घेतलं नाही. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच उठून ड्रॉवर उघडला. नंबर ८० काढला, ११७ फिरवून बसवला. साडेनऊवर अडकलेला तो फ्यूज आता माझ्या टेबलावर विजेच्या बिलांवर ठेवलेला असतो.

पूजा झाल्यावर भाचा वही काढून बसला. त्याच्याकडच्या प्रत्येक वस्तूची तो नोंद करतो, आणि आमच्या गोळ्याचीही करायची होती. पुंगळी, अठरा पौंडी, १९१७. धड, श्रॅपनेल, उडालेलं. फ्यूज, ११७, १९४२. चौथ्या ओळीत त्यानं ‘कडी’ लिहिलं आणि पेन थांबवलं.

“आजी, ही कडी कधीची असेल?”

आई प्रसादाच्या वाट्या भरत होती. “मी लगीन होऊन आले तवा होती,” ती म्हणाली. भाच्यानं तसंच लिहून घेतलं.